दप्तर कुणाचे?

दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघरी जी आवराआवर सुरू होते, तिच्याइतका जुन्या कागदांचा वैरी दुसरा कुणी नसेल. वाळवी वर्षाकाठी चार पाने खाते, उंदीर कोपरे कुरतडतात. पण दिवाळीचा झाडू एका सकाळी तीन पिढ्या उंबऱ्याबाहेर काढतो. हे मी कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. या गुन्ह्यातला मी एक जुना आरोपी आहे, आणि सणाचे निमित्त साधून कबुलीजबाब देतो आहे, इतकेच.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहान गावात आमचे माळवदाचे घर होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटवण्याचा मान माझ्याकडे असे. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता आणि लाकडे ओली होती. फुंकून फुंकून डोळे लाल झाले, तेव्हा मला फडताळातल्या एका गाठोड्याची आठवण झाली. लाल फडक्यात बांधलेले ते गाठोडे सोडले, तर आत पिवळे पडलेले लांबच लांब कागद. वर एक रेघ, आणि तिला टांगल्यासारखी एकमेकांत गुंतलेली, मला न वाचता येणारी अक्षरे. कागद मात्र खडखडीत कोरडे होते. बंब झकास पेटला. आजी उठून आली तोवर निम्मे गाठोडे संपले होते. ती रागावली नाही, नुसती म्हणाली, "आरं, कुणाच्या तरी हातचं होतं की रं ते!"

उरलेले निम्मे पुढच्या कुठल्या तरी दिवाळीत गेले. ती लिपी मोडी होती, आणि त्या लाल फडक्याला 'रुमाल' म्हणतात, हे मला पुढे मास्तर झाल्यावर कळले. त्यात काय होते, हे मात्र आता कधीच कळणार नाही.

शाळेत रोज माझ्यासमोर चाळीस दप्तरे येतात. एखादे वाटेत पडलेले दिसले आणि "हे दप्तर कुणाचे?" असे विचारले, की तत्काळ उत्तर येते, "माझं, सर!" इतिहासाच्या दप्तराला हाच प्रश्न विचारला, तर उत्तर इतके सोपे राहत नाही. ज्याच्या माळ्यावर ते सापडले, त्याचे म्हणावे? ज्याने पायपीट करून शोधले, त्याचे? ज्याला ते वाचता आले, त्याचे? की पदराला खार लावून ज्याने छापले, त्याचे? महाराष्ट्रातल्या विद्वानांनी या प्रश्नावर दीडशे वर्षे वाद घातला, रुसवेफुगवे केले, संस्था काढल्या आणि सोडल्याही. नावापुढे पदवी नसलेल्या माझ्यासारख्या मास्तराने त्या वादात पडू नये हे खरे. पण ज्याने बंब पेटवला आहे, त्याला या कथेची गरज पंडितांपेक्षा अधिक आहे.

कथेची सुरुवात १८७८ साली धरता येईल. त्या वर्षी काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक काढले. जुन्या बखरी, पत्रे आणि काव्ये घराघरांतून मिळवायची आणि दरमहा थोडी थोडी छापून वाचकांच्या हाती द्यायची, असा त्याचा क्रम होता. अकरा-एक वर्षे हा उद्योग चालला. त्यानंतर जे आले, ते एकेकटे वीर होते. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरात बुडून गेले आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे भाग काढू लागले. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी कागद, चित्रे आणि दुर्मीळ वस्तू यांचा मोठा साठा जमवला. आणि कुणाच्याच चौकटीत न बसणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडत राहिले.

राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पानिपतच्या आधीच्या दहा-बारा वर्षांतली पत्रे त्यात आहेत. पुढे असे बावीस खंड झाले. पण ज्या घरातून कागद मिळायचे, तिथे स्वागत होईच असे नाही. कुणाला वाटे, हा सरकारचा माणूस असून आमचे वतन तपासायला आला आहे. कुणाला वाटे, भाऊबंदकीतला जुना दावा यातून वर येईल. कुणाला त्या रुमालात गुप्त धनाचा पत्ता दिसे. शिवाय एका माणसाने सगळे जमवायचे, एकट्याने वाचायचे, आणि त्यानेच छापणारा शोधायचा! कोल्हापूरच्या प्रा. विजापूरकरांची 'ग्रंथमाला' राजवाड्यांच्या मदतीला आली, म्हणून त्यांचे काही खंड उजेडात आले.

या साऱ्यांची तपश्चर्या मोठी, तरी तिच्यात एक उणीव होती. प्रत्येकाचे दप्तर त्याच्या स्वतःच्या कोठीत होते. मिरजेच्या कागदाशी साताऱ्याचा कागद ताडून पाहायचा, तर आधी दोन माणसांचे सूत जमायला हवे. आणि माणूस गेला, म्हणजे कोठीची किल्ली कुणाकडे?

या प्रश्नाला उत्तर म्हणून ७ जुलै १९१० रोजी पुण्यात राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. सुरुवातीला मंडळाचे बस्तान मेहेंदळ्यांच्या वाड्यातच होते. त्याच्या नावाकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. ते 'संशोधन मंडळ' नाही, 'संशोधक मंडळ' आहे. आधी माणसे एकत्र यायची, मग त्यांच्यामागून कागद यायचे, असा क्रम त्या नावात आहे, आणि तो फार शहाणपणाचा ठरला.

मंडळाची रीत साधी होती. सभासदाला एखादे पत्र, सनद, शिलालेख किंवा नाणे सापडले, की त्याने त्यावर टिपण लिहायचे आणि सभेत वाचून दाखवायचे. टिपणाला मोठ्या ग्रंथाचा थाट नको. एका पत्राची तारीख ठरली, एका गावाच्या नावाचा उलगडा झाला, एका घराण्याची वंशावळ जुळली, एवढ्यावर काम भागे. समोर जाणकार बसलेले असत. तारखेत चूक असेल, तर तिथल्या तिथे कान धरला जाई. मग ते टिपण मंडळाच्या वार्षिक इतिवृत्तात छापले जाई. १९२० पासून मंडळाचे त्रैमासिकही निघू लागले. ग्रंथांच्याही दोन माला केल्या होत्या: मंडळ स्वतः काढी ती 'स्वीय', आणि दुसऱ्याने काढलेल्या ग्रंथाला मंडळाने मान्यता दिली तर तो 'पुरस्कृत'. कोणत्या मजकुराची जबाबदारी कुणावर, हे मुखपृष्ठ उघडताच कळावे, असा हा चोख व्यवहार होता.

घरोघरची दप्तरे हळूहळू मंडळात आली, आणि आज तिथल्या जुन्या कागदांची संख्या पंधरा लाखांच्या घरात सांगितली जाते. मोडी वाचणारे होते, तसे फारसी वाचणारेही हवे होते. गणेश हरी खरे यांनी ती बाजू सांभाळली. 'ऐतिहासिक फारसी साहित्या'चे खंड त्यांच्या हातून झाले. दत्तो वामन पोतदार दीर्घकाळ चिटणीस होते. पोतदार शिवचरित्र लिहिणार, याची महाराष्ट्राने वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि थट्टाही केली. ते चरित्र काही झाले नाही. पण दुसऱ्यांना लिहिता यावे म्हणून सभा भरवणे, पत्रांना उत्तरे देणे, कपाटांची आणि पैशांची काळजी वाहणे, हे काम ज्याच्या गळ्यात पडते, त्याच्या पुस्तकांची संख्या मोजून त्याचा हिशेब होत नाही. सामाईक दप्तराला संशोधक लागतो, तितकाच कारकूनही लागतो.

आता या गोष्टीतला कडू भाग. ज्या राजवाड्यांनी मंडळ काढले, तेच मतभेद होऊन त्यापासून दूर गेले. स्वभाव तापट, मत रोखठोक, आणि चार जणांच्या मताने चालायचे म्हणजे त्यांना काचणारच. ते शेवटी धुळ्याला गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. त्यांच्या सोबतचे कागद आणि टिपणे सांभाळण्यासाठी १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. भास्कर वामन भट यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. इकडे पुण्याचे मंडळ मोडले का? नाही. संस्थापक रागावून गेला, तरी कपाटे जागच्या जागी राहिली आणि सभा भरत राहिल्या. सामाईक दप्तराची खरी कसोटी हीच असते. घरातला कर्ता पुरुष उठून गेल्यावरही संध्याकाळी दिवा लागला, म्हणजे ते घर एकट्याचे नव्हते असे समजावे.

याच्या उलट उदाहरणही राजवाड्यांच्याच चरित्रात आहे, आणि ते आमच्या मराठवाड्यातले आहे. बीडच्या पाटांगणात त्यांना ज्ञानेश्वरीची एक फार जुनी पोथी मिळाली. तिच्यावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. पुढे पोथीच्या काळावरून आणि भाषेवरून विद्वानांत वाद माजला. अशा वादात तोडगा एकच: मूळ पोथी समोर ठेवावी. पण ती अभ्यासकांना पुन्हा पाहायला मिळालीच नाही. तिच्या नाशाच्या निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. खुद्द राजवाड्यांनीच ती रागाच्या भरात नाहीशी केली, असेही म्हणतात. आज हाती आहे ती फक्त छापील प्रत. १९६० साली महाराष्ट्र सरकारने ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तीही राजवाड्यांच्या प्रतीचा आधार घेऊनच. छापले म्हणून ती वाचली, हे राजवाड्यांचे ऋण. पण ताडून पाहायला मूळ उरले नाही. ज्याने आयुष्यभर कागद वाचवले, त्याच्या एकट्याच्या हातातही कागद सुरक्षित नसतो, याहून मोठा धडा कोणता?

एकाच्या मुठीऐवजी सरकारच्या कुलपात कागद असले, तर प्रश्न मिटतो असेही नाही. पुण्याच्या पेशवे दप्तराचे दार इंग्रजी अमलात अभ्यासकांना सहजी उघडत नसे. अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे काम सोपवले गेले आणि १९३०च्या सुमारास निवडक कागदांचे एकामागून एक पंचेचाळीस खंड निघाले. काम डोंगराएवढे, यात शंका नाही. पण पुण्याच्या संशोधकांचे म्हणणे असे की, काय निवडायचे आणि काय ठेवून द्यायचे हे मोजक्या हातांनी का ठरवावे? दार सर्वांना उघडा, मग ज्याचे त्याने पाहावे. त्या भांडणात कोण बरोबर होते, याचा निवाडा मी करणार नाही. एवढेच म्हणतो की, दप्तर सांभाळणे ही सेवा आहे, तशी सत्ताही आहे. आणि सत्ता म्हटली की तिला नियम हवेत.

हे झाले पुण्या-धुळ्याचे. आमच्या धाराशिवकडे असे मंडळ का झाले नाही? इथे विद्वान नव्हते असे नाही. राज्य वेगळे होते. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या अमलाखाली. दरबारी भाषा आधी फारसी, मग उर्दू. जाहीर सभा भरवायची तर 'गश्ती निशाण ५३' या हुकुमाप्रमाणे आधी परवानगी हवी. जिथे चार माणसांनी जमायचेच मुळी संशयास्पद, तिथे कागद एकत्र कसे यावेत? त्यातून मध्येच १८५३ ते १८६० हा नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांकडे होता, आणि फिलिप मेडोज टेलर तिथे कारभार पाहत होता. म्हणजे एका गावाच्या शेताची कथा सांगायची, तर मोडी, फारसी, उर्दू आणि इंग्रजी असे चार जाणकार एका सतरंजीवर बसवावे लागतात! एकट्याने निभावण्याजोगे हे काम नाहीच.

तरीही या जिल्ह्याने महाराष्ट्राच्या दप्तराला मोठे दान दिले आहे. परांडा तालुक्यातले डोमगाव हे समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांचे ठाणे. तिथल्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली होती आणि ते मठामठांतून रामदासी बाडे शोधत हिंडत होते. १९०५ साली त्यांनी दासबोध छापला, तो या डोमगावच्या प्रतीवरून. आज घरोघरी ज्या सात हजार सातशे एक्कावन्न ओव्या वाचल्या जातात, त्यांच्या पाठामागे आमच्या सीनाकाठचा एक मठ आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? देवांनी जमवलेल्या शेकडो बाडांसाठी पुढे १९३५ साली धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर झाले. समर्थांच्या हातचे म्हणून सांगितले जाणारे वाल्मीकी रामायण तिथेच आहे.

तेरचा मार्ग निराळा. तेर म्हणजे रोमन काळातल्या दर्यावर्दी ग्रंथात आलेले 'तगर'. तिथल्या पांढरीत नांगराच्या फाळाला मणी, नाणी आणि मातीच्या बाहुल्या लागत. रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने आयुष्यभर त्या वेचल्या. हा संग्रह पुढे शासनाच्या हाती गेला आणि लामतुऱ्यांच्या नावाचे संग्रहालय तेरमध्येच उभे राहिले. वस्तू सर्वांच्या झाल्या, पण गावाबाहेर गेल्या नाहीत. माझ्यासारख्याला हे फार भावते. शाळेची सहल तिथे नेतो, तेव्हा मुले काचेला नाक लावून पाहतात आणि म्हणतात, "सर, असले मणी आमच्याबी रानात घावतेत."

२०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुनी सरकारी दप्तरे भराभर उघडली गेली. तेव्हा अचानक मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. त्या प्रश्नाच्या राजकारणात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण पणज्याने काय लिहिले आहे हे वाचायला परका माणूस बोलवावा लागतो, ही गोष्ट त्या दिवसांत गावोगाव सर्वांना उमगली. मलाही उमगली, आणि मी एक छोटासा उद्योग आरंभला.

गावातल्या एका वयस्क गृहस्थांकडे कागदांची पेटी आहे, असे मुलांकडून कळले होते. मी गेलो. चहा झाला. विषय काढताच ते सावध झाले. म्हणाले, "मास्तर, तुमी वाईट न्हाईत. पर कागद घराबाहेर गेला की वाटणीचं भांडण घरात येतंय. आन् मागं एकानं बघतो म्हणून नेलेला कागद अजून माघारी आला न्हाई." राजवाड्यांना शंभर वर्षांपूर्वी जी उत्तरे मिळाली, तीच मला मिळाली. पण या वेळी मला वाटले, म्हाताऱ्याचे काय चुकले? दुसऱ्याच्या कागदावर मी कोणत्या हक्काने हात टाकतो आहे?

म्हणून मी कागद मागणे सोडून दिले. शाळेत शंभर पानी वही घातली आणि तिचे नियम मुलांसमोरच ठरवले. कागद ज्याचा त्याच्या घरी राहील. वहीत फक्त नोंद होईल: कुणाच्या घरी, किती कागद, लिपी कोणती, कुणी पाहिले, कोणत्या दिवशी. घरच्यांनी राजीखुशीने परवानगी दिली, तरच फोनवर छबी काढायची, आणि छबीच्या जोडीला ही नोंद नसेल तर ती छबी निरुपयोगी समजायची. बापाचे नाव नसलेल्या पोराला शाळेत घालताना होते तशी तिची गत होते. कुणी वाचन केले, तर वाचणाऱ्याचे नाव लिहायचे. दुसऱ्याला ते वाचन चुकीचे वाटले, तर पहिले खोडायचे नाही. खाली आपले लिहायचे. वहीच्या दोन नकला करायच्या; एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत. आणि वही पाहायला कुणीही येवो, पाटलाचा मुलगा येवो की पालावरचा, तिला कुलूप नाही. मास्तरची बदली झाली, तर वही बदलीवर जाणार नाही.

पुण्याच्या मंडळापुढे ही वही म्हणजे सूर्यापुढे पणती, हे मी जाणतो. पण दिवाळीत आपण पणत्याच लावतो.

त्या पेटीवाल्या गृहस्थांनी चार महिन्यांनी स्वतः निरोप धाडला, "मास्तर, वहीत आमचं बी लिवा. पेटी मातर इथंच ऱ्हाईल." मी लिहिले.

तर वाचकहो, येत्या दिवसांत माळा आवराल, तेव्हा फडक्यातले एखादे गाठोडे हाती आले, तर एवढे करा: ते सोडू नका, विकू नका, आणि लगेच कुणाला देऊनही टाकू नका. कोरडी जागा बघून परत ठेवा, आणि त्यात काय आहे हे घरातल्या दोन माणसांना सांगून ठेवा. वाचणारा आज ना उद्या येईल.

वहीच्या पहिल्या पानावरची पहिली नोंद मात्र मी माझ्या हाताने केली आहे: "लाल फडक्यातील गाठोडे, एक. लिपी मोडी. मजकूर अज्ञात. निम्मे नरकचतुर्दशीस बंबात जळाले, उरलेले गहाळ." चौथीतल्या एका मुलीने ती वाचून विचारले, "सर, जे नाहीच, ते कशाला लिहिलं?"

मी म्हणालो, "कुणाच्या तरी हातचं होतं, म्हणून."